अन्य भाषांत बोलणे : केडगावात काय घडले?

पुण्याहून रेल्वेने दौंडला जाताना दौंडच्या आधी केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन ते हेच केडगाव. पाठ्यपुस्तकातल्या रमाबाई आपल्याला माहीत असतात : संस्कृतच्या पंडिता, विधवांसाठी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढणाऱ्या, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना आसरा देणाऱ्या. पण १९०५ ते १९०७ या काळात केडगावात आणखी एक गोष्ट घडली. ती पाठ्यपुस्तकात येत नाही. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ ज्या विषयाचा अभ्यास करतात, त्याच्या इतिहासात मात्र केडगावचे नाव वारंवार येते. तो विषय म्हणजे माणसाने स्वतःला न येणाऱ्या ‘भाषेत’ अस्खलित बोलणे.

शिक्षकांसाठीच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. कारण सरळ आहे. ‘बाई, मावशीच्या अंगात येतं आणि ती वेगळ्याच भाषेत बोलते, ते खरं असतं का?’ हा प्रश्न वर्गात कधी ना कधी येतो. त्यावर ‘सगळं ढोंग आहे’ एवढेच उत्तर दिले तर ते चुकीचे ठरते. शिवाय ते मुलाच्या मावशीला खोटारडी ठरवणारे असते. ‘असेल बुवा काहीतरी’ हे उत्तर त्याहून वाईट. या दोन्हींच्या पलीकडे पाहता येते का, ते केडगावच्या निमित्ताने बघू या.

आधी घटना पाहू. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांतापासून गुजरातपर्यंतच्या मुली आणि स्त्रिया केडगावला आणल्या. १९०० च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या आसपास माणसे होती. मराठी, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषा एकाच आवारात कानांवर पडत. १९०४-०५ मध्ये ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. तिची वार्ता केडगावला पोचली आणि १९०५ च्या जानेवारीपासून रमाबाईंनी मुलींचे प्रार्थनागट सुरू केले. पुढे पुढे साडेपाचशेच्या आसपास मुली व स्त्रिया दिवसातून दोनदा प्रार्थनेला जमू लागल्या.

२९ जून १९०५ च्या पहाटे एका मोठ्या मुलीला आपल्या अंगात अग्नी उतरल्याचा अनुभव आला. शेजारच्या मुलीलाही ज्वाळा दिसल्या आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. पाणी ओतणार तोच तिच्या लक्षात आले, की प्रत्यक्षात काहीच पेटलेले नाही. त्यानंतर रडणे, कापणे, आपली पापे मोठ्याने सांगणे, शेकडो जणींनी एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करणे असे कित्येक आठवडे चालले. मिनी एब्रम्स ही अमेरिकन मिशनरी तिथे रमाबाईंची सहकारी होती. तिने या अनुभवांवर १९०६ साली एक पुस्तिका लिहिली.

१९०६ च्या अखेरीस केडगावात याची पुढची पायरी आली. काही मुली प्रार्थना करताना कोणालाच न समजणाऱ्या शब्दांत, न अडखळता बोलू लागल्या. मराठी बायबलमध्ये यासाठी ‘अन्य भाषा’ असा शब्दप्रयोग आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात येशूच्या शिष्यांना अशी वाचा फुटल्याची कथा आहे, आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने अशा बोलण्याला मंडळीत शिस्त कशी असावी ते सांगितले आहे. म्हणजे केडगावच्या मुलींना ही कल्पना अगदीच नवी नव्हती. शिवाय १९०६ च्या एप्रिलपासून अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरात अझुसा स्ट्रीटवरच्या एका प्रार्थनागृहात हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर सुरू झाला होता आणि त्याच्या बातम्या मिशनरी पत्रांतून हिंदुस्थानात येत होत्या. केडगावच्या आधी महाराष्ट्रात इतरत्रही एखाददुसरी घटना नोंदली गेली होती. त्यामुळे हे अमेरिकेकडून इकडे आले की इथे स्वतंत्रपणे उगवले, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. आपल्या प्रश्नाला त्याने फारसा फरक पडत नाही.

आता दौंडकडे वळू. तिथे आल्बर्ट नॉर्टन नावाचे अमेरिकन मिशनरी मुलांचे वसतिगृह चालवीत. ते केडगावला आले. सुमारे वीस मुली प्रार्थना करीत होत्या त्या खोलीत ते गुडघे टेकून, डोळे मिटून बसले. थोड्याच वेळात जवळून इंग्रजीतली प्रार्थना ऐकू आली. डोळे उघडून पाहतात तो हाताच्या अंतरावर एक स्त्री. तिला त्यांनीच १८९९ साली बाप्तिस्मा दिला होता. तिची भाषा मराठी, थोडे हिंदुस्थानी येत असे. इंग्रजी बोलता येत नाही हे नॉर्टन यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी हे पत्रातून कळवले आणि ती हकिगत १९०७ साली परदेशातही छापली गेली. नॉर्टन खोटे बोलत होते असे मानायला काही आधार नाही. चांगल्या, प्रामाणिक माणसाची ही साक्ष आहे. म्हणूनच ती तपासण्याजोगी आहे.

तपासताना पहिली काळजी घ्यायची ती ही, की इथे दोन निरनिराळे दावे एकमेकांत मिसळलेले आहेत. एक दावा असा : मी ज्या भाषेत बोलते ती जगात कुठेतरी खरोखर बोलली जाते, पण मी ती शिकलेली नाही. अभ्यासक याला झेनोग्लॉसी म्हणतात. दुसरा दावा असा : माझ्या तोंडून येते ती माणसांची भाषा नसेलही, पण ती प्रार्थना आहे. याला ग्लॉसोलेलिया म्हणतात. दोन्ही शब्दांत ‘ग्लोसा’ म्हणजे जीभ हा ग्रीक शब्द आहे. केडगावच्या बहुतेक मुलींचे बोलणे दुसऱ्या प्रकारचे होते. नॉर्टन यांनी ऐकले ते पहिल्या प्रकारचे.

भाषा कशी ओळखायची?

दुसऱ्या प्रकारापासून सुरुवात करू, कारण त्याचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. टोरोंटोचे भाषाशास्त्रज्ञ विल्यम सॅमरिन यांनी पाच वर्षे इटली, हॉलंड, जमैका, कॅनडा आणि अमेरिका या देशांतल्या प्रार्थनासभांना जाऊन असे बोलणे ऐकले, ध्वनिमुद्रित केले, अक्षर अन् अक्षर लिहून काढले आणि १९७२ साली त्यावर पुस्तक लिहिले. न समजणारे बोलणे भाषा आहे की नाही, हे ती भाषा न येताही ठरवता येते का? बरेचसे येते. ते कसे, हे समजण्यासाठी आपल्या शाळेतलाच खेळ घेऊ.

मुले आपापसात ‘च’ची भाषा बोलतात. शब्दाचे पहिले व्यंजन उचलून शेवटी टाकायचे आणि त्याच्या जागी च ठेवायचा. ‘मी शाळेत जातो’ याचे होते ‘चीम चाळेतश चातोज’. नव्या मास्तरांना यातले अक्षरही कळत नाही, पण ही भाषाच आहे. तिला नियम आहे. तेच वाक्य उद्या सांगितले तरी तसेच्या तसे येईल. दुसऱ्या मुलाला ते उलगडता येईल. ‘मी’ आणि ‘तू’ यांची रूपे नेहमी वेगळीच राहतील.

आता दुसरा खेळ घ्या. एखाद्या धीट मुलाला सांगा, ‘तू परदेशी पाहुणा आहेस, तुझ्या भाषेत एक मिनिट भाषण कर.’ हशा ओसरला की मूल आश्चर्यकारक सफाईने बोलू लागते. ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि मुलांकडूनच फळ्यावर लिहून घ्या. मग मोजायला लावा. कोणते ध्वनी आले, किती वेळा आले? जोडाक्षरे किती? शब्दांची सुरुवात कशाने होते?

मराठीत ळ आणि ण भरपूर आहेत, पण त्यांनी शब्द सुरू होत नाही. मुलाच्या ‘परदेशी’ भाषेतही तो तसा बहुधा सुरू होत नाही. अरबीतला घशातून काढायचा ध्वनी किंवा आफ्रिकेतल्या काही भाषांतले जिभेने ‘टॉक’ करायचे ध्वनी त्यात येत नाहीत. म्हणजे भाषा परदेशी, पण वखार घरचीच. शिवाय एक व्यंजन आणि एक स्वर अशी सोपी अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, थोडी फिरवाफिरव करून. खऱ्या भाषेत ‘आणि’, ‘आहे’, ‘च्या’ यांसारखे छोटे शब्द ठरावीक कामासाठी परत परत येतात. इथे तसे काम कोणीच करत नाही. भाषण संपल्यावर त्याच मुलाला ‘तिसरे वाक्य पुन्हा म्हण’ असे सांगून बघा. ते जमणार नाही.

सॅमरिन यांना प्रार्थनासभांत नेमके हेच आढळले. ध्वनी बोलणाऱ्याच्या ओळखीच्या भाषांतले, अक्षरे सोपी, पुनरुक्ती खूप. वाक्यासारखे तुकडे पडतात, चढउतार असतो, थांबे असतात, त्यामुळे दुरून ऐकताना भाषाच वाटते. पण कोणता आवाज कोणत्या अर्थासाठी, असा नियम सापडत नाही. भाषेचा सांगाडा आहे, आत अर्थ भरलेला नाही. सॅमरिन यांनी यावरून ‘बडबड’ असा शेरा मारला नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. बोलणाऱ्याला त्यातून जे व्यक्त करायचे असते ते होते, असेच त्यांचे म्हणणे होते. आपल्याला हे समजणे अवघड जाऊ नये. तराण्यात ‘तोम तनन’ गाणारा गवई कोणते विधान करीत असतो? सात-आठ महिन्यांचे मूल ‘बाबाबा, दादादा’ करते तेव्हा शब्द नसतात, तरी त्याची आळवणी कोणालाही कळते.

अर्थ लावणारे लोकही अशा सभांत असतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन किल्डाल यांनी एकाच ध्वनिफितीचा अर्थ वेगवेगळ्या अर्थकारांना स्वतंत्रपणे विचारला. एकाला ती मुलांच्या आरोग्यासाठी केलेली प्रार्थना वाटली, दुसऱ्याला देणग्या जमल्याबद्दलची कृतज्ञता. उत्तरे जुळली नाहीत. दोन दुभाष्यांना एकमेकांपासून दूर बसवून विचारणे ही तपासाची युक्ती साधी आहे आणि वर्गात ‘च’च्या भाषेवर लगेच करून पाहण्यासारखी आहे. तिथे उत्तरे जुळतात.

जिनिव्हातली ‘संस्कृत’ राणी

घरच्या वखारीचा सर्वांत गमतीदार पुरावा आपल्याच देशाशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिनिव्हा शहरात एका दुकानात काम करणारी स्त्री तंद्रीत जाऊन बोलत असे. ग्रंथात तिला हेलेन स्मिथ हे टोपणनाव दिलेले आहे. गेल्या जन्मी आपण कानडा प्रांतातील एका नायकाची राणी सिमंदिनी होतो असे ती म्हणे आणि ‘संस्कृत’ बोले. ती मंगळावरची भाषाही बोले. मानसशास्त्रज्ञ थिओडोर फ्लूरन्वा यांनी तिचा काही वर्षे अभ्यास केला. तिचे संस्कृत तपासायला त्यांनी कोणाला बोलावले असेल? फर्दिनां द सोस्यूर यांना. आधुनिक भाषाशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचे नाव पुढे झाले तेच हे, आणि ते संस्कृतचे जाणकार होते.

मंगळाची भाषा म्हणजे शब्द बदललेली फ्रेंच होती. शब्दक्रम सगळा फ्रेंचच. जवळजवळ आपल्या ‘च’च्या भाषेसारखी, फक्त फार मेहनतीने रचलेली. संस्कृतची गोष्ट अधिक सूक्ष्म होती. ते खरे संस्कृत नव्हते. मात्र त्यात संस्कृतविरोधी काही नव्हते. आणि त्यात फ हा ओठ-दातांनी काढायचा फ्रेंच ध्वनी कुठेच नव्हता. संस्कृतातही तो नाही. तर मग हिला हे कसे माहीत? व्हिक्टर आंरी या दुसऱ्या भाषातज्ज्ञाने सुचवले की फ टाळण्याचे कारण ‘फ्रान्से’ म्हणजे फ्रेंच हा शब्दच फ ने सुरू होतो हे असावे. आपण फ्रेंच बोलतो आहोत असे वाटू नये यासाठी मनाने नकळत तो ध्वनी गाळला. हा तर्क थोडा ताणलेला वाटतो खरा. पण सॅमरिन यांनाही आढळले, की लोक आपल्या बोलीची फार ओळखीची खूण या बोलण्यात टाळतात. सिमंदिनीची कथाही फ्लूरन्वा यांना एका जुन्या फ्रेंच इतिहासग्रंथात सापडली.

हेलेन फसवत होती असे फ्लूरन्वा यांनी म्हटले नाही. जे मनात कधीतरी शिरले आणि कुठून शिरले ते विसरले गेले, ते ‘आठवण’ म्हणून न ओळखताच वर येते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

नॉर्टन यांच्या साक्षीचे काय?

हाच धागा आपल्याला केडगावच्या खोलीत परत नेतो. मराठी स्त्री इंग्रजीत प्रार्थना करीत होती. ती १८९९ पासून, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ, इंग्रजी बोलणाऱ्या मिशनऱ्यांच्या सहवासात होती. इंग्रजी प्रार्थना ठरावीक शब्दांच्या असतात आणि ठरावीक सुरात म्हटल्या जातात. ‘येत नाही’ म्हणजे वाक्य रचता येत नाही. त्याचा अर्थ ‘कधी ऐकलेले नाही’ असा होत नाही. ज्यांना संस्कृत येत नाही अशी कितीतरी माणसे आपल्याकडे आरतीनंतर मंत्रपुष्पांजली घडाघडा म्हणतात.

कोलरिज या इंग्रज कवीने १८१७ च्या आपल्या एका ग्रंथात जर्मनीत ऐकलेली हकिगत दिली आहे. लिहिता-वाचता न येणारी एक मोलकरीण तापाच्या भरात लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू बोलू लागली. भूत लागले असा बोभाटा झाला. एका चिकाटीच्या डॉक्टरने शोध घेतला तेव्हा कळले, की लहानपणी ती एका वृद्ध पाद्र्याच्या घरी होती आणि ते पाद्री स्वयंपाकघराशेजारच्या बोळात फेऱ्या मारीत ग्रंथ मोठ्याने वाचत. तिचे पुष्कळसे शब्द त्या ग्रंथांत सापडले. ही ऐकीव गोष्ट आहे, प्रयोग नव्हे. पण डॉक्टरने विचारलेला प्रश्न अचूक होता : हे हिच्या कानांवर कधी पडले असेल?

दुसरी बाजू ऐकणाऱ्याची. वीसजणी एकदम मोठ्याने प्रार्थना करताहेत. ऐकणाऱ्याचे डोळे मिटलेले आहेत, मातृभाषा इंग्रजी आहे, आणि परदेशांत लोकांना नवी वाचा फुटत असल्याच्या बातम्या त्याने नुकत्याच वाचल्या आहेत. अस्पष्ट आवाजातून ओळखीचे शब्द उचलणे हे आपल्या कानांचे रोजचे काम आहे. परभाषेतल्या गाण्यात आपल्याला मराठी शब्द ‘ऐकू’ येतात ते असेच. त्या स्त्रीच्या तोंडी पाठ झालेली इंग्रजी प्रार्थना होती की नॉर्टन यांच्या कानांनी ती पुरी केली, हे आज ठरवता येणार नाही. पण चमत्कार मानण्याआधी या दोन्ही वाटा बंद कराव्या लागतील, आणि त्या बंद झालेल्या नाहीत.

अशा दाव्याची खरी परीक्षा मात्र एकदा झाली, आणि तीही हिंदुस्थानातच. अझुसा स्ट्रीटवरून आल्फ्रेड गार आणि त्यांची पत्नी लिलियन कलकत्त्याला आले. आपल्याला बंगाली वाचा लाभली आहे अशी गार यांची श्रद्धा होती. १९०७ च्या सुरुवातीला कलकत्त्यात त्यांनी बोलून पाहिले. बंगाली माणसांना ते समजले नाही. गार यांची श्रद्धा गेली नाही. पण अन्य भाषा म्हणजे परदेशात प्रचारासाठी मिळालेली तयार भाषा, ही समजूत त्या पंथात हळूहळू मागे पडली. ज्याला ती भाषा येते त्याच्यासमोर बोलून दाखवा, ही कसोटी सोपी आणि निर्णायक आहे.

महाराष्ट्रातही अलीकडच्या काळात याची चर्चा झाली. १९७४ साली नागपुरातील एक सुशिक्षित मराठी महिला अधूनमधून स्वतःला जुन्या काळची बंगाली स्त्री समजू लागली आणि बंगाली बोलू लागली. त्या अवस्थेत तिला मराठी समजत नसे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी पुनर्जन्माच्या बाजूने ते उदाहरण मांडले. सारा थॉमसन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी अशा दाव्यांची कसून छाननी केली. नागपूरच्या उदाहरणात त्या महिलेला बंगालीचे थोडे वाचन शिकायला मिळाले होते, बंगाली साहित्याची ओढ होती आणि संस्कृतचे शिक्षण होते, या गोष्टी नोंदीतच आहेत. तिचे बंगाली किती अस्सल होते यावर जाणकारांत मतभेद झाले. तरीही इथे कोणी ठरवून नाटक केले असे दिसत नाही.

ढोंग नाही, वेड नाही, मग काय?

केडगावच्या बातम्या बाहेर पडल्यावर टीकाकारांनी ‘हिस्टेरिया’ हा शब्द वापरला. तो तेव्हा स्त्रियांच्या बाबतीत फार सहज वापरला जाई. नंतरच्या संशोधनाने त्याला दुजोरा दिलेला नाही. किल्डाल यांच्या पाहणीत असे बोलणारे लोक त्यांच्याच मंडळीतल्या न बोलणाऱ्यांपेक्षा मनाने अधिक आजारी नव्हते. फरक होता तो दुसरा : ज्याला त्यांनी गुरू मानले त्याच्यावर त्यांचा भार अधिक होता, आणि एका गटातल्या लोकांचे बोलणे त्यांच्या पुढाऱ्याच्या बोलण्यासारखे होत जाई.

मग हे तंद्रीत होते का? इथे अभ्यासकांत भांडण आहे. मानववंशशास्त्रज्ञ फेलिसिटास गुडमन यांनी मेक्सिकोतल्या स्पॅनिश आणि माया भाषिक मंडळींत ध्वनिमुद्रणे केली. त्यांना भाषा वेगळ्या असूनही सुरावट सारखी आढळली : आवाज चढतो, सुमारे पहिल्या तृतीयांशाच्या शेवटी टोक गाठतो आणि मग उतरतो. ही तंद्रीत गेलेल्या शरीराची खूण, असे त्या म्हणाल्या. सॅमरिन यांनी ते मान्य केले नाही. सवय झालेला माणूस तंद्रीशिवाय, मोटार चालवतानाही असे बोलू शकतो, असे त्यांचे म्हणणे. मला वाटते सुरुवात आणि सराव यांत फरक केला तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पहिल्यांदा ते उमाळ्यात घडते. मग वाट पडते.

कॅनडातल्या निकोलस स्पॅनोस आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ६० जणांना अशा बोलण्याचा मिनिटभराचा नमुना ऐकवला आणि तसे बोलायला सांगितले. जवळपास पाचव्या हिश्श्याला ते लगेच जमले. त्यांतल्या काहींना सराव आणि उत्तेजन दिले, तेव्हा त्या गटातल्या सुमारे ७० टक्के लोकांना जमू लागले. प्रार्थना नाही, उपवास नाही, श्रद्धाही नाही. म्हणजे ही क्षमता बहुतेक माणसांत असते. लागतो तो नमुना, सराव आणि मोकळीक.

२००६ साली अमेरिकेत अँड्र्यू न्यूबर्ग यांनी पाच स्त्रियांच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजला, एकदा भक्तिगीत गाताना आणि एकदा अन्य भाषेत बोलताना. बोलताना कपाळामागच्या भागाचे काम कमी झालेले दिसले. ठरवून, आवरून वागण्याशी हा भाग निगडित आहे. ‘मी बोलत नाही, माझ्याकडून बोलवले जाते’ या त्यांच्या अनुभवाशी हे जुळते. पाचच स्त्रिया होत्या, तेव्हा यावर फार मोठा इमला चढवू नये.

आता केडगावचा क्रम पुन्हा पाहा. आधी वेल्सची वार्ता, मग प्रार्थनागट, मग महिनोन्महिने शेकडोंची एकत्र प्रार्थना, मग अमेरिकेची वार्ता, आणि मग अन्य भाषा. नमुना होता, सराव होता. मोकळीक कोणी दिली? रमाबाईंनी. त्या स्वतः असे बोलल्याची नोंद नाही, आणि असे बोलणे म्हणजेच आत्म्याची एकमेव खूण असा आग्रहही त्यांनी धरला नाही. पण १९०७ साली टीकेला उत्तर देताना त्यांनी मुलींची बाजू घेतली. इथल्या मुलींनी युरोपियन पद्धतीने शांत, शिस्तीतच प्रार्थना केली पाहिजे असे का, त्यांना आपल्या रीतीने व्यक्त होऊ द्या, असा त्यांचा आशय होता. आणि नवल म्हणजे याच काळात त्याच आवारात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. शब्दाचा नेमका अर्थ काय, या प्रश्नाला त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे दिली. छापखान्यात खिळे जुळवायला मुलीच होत्या.

या मुली कोण होत्या हेही विसरता येत नाही. दुष्काळात घर गमावलेल्या, बालविधवा, टाकलेल्या. ज्यांना घरात मोठ्याने बोलायची मुभा नव्हती त्या इथे शेकडोंच्या समोर आवाज चढवून बोलल्या आणि ज्येष्ठांनी त्यांचे ऐकून घेतले. आय. एम. लुइस या मानववंशशास्त्रज्ञाने १९७१ च्या ग्रंथात अनेक समाजांची उदाहरणे देऊन दाखवले, की अंगात येण्याचे प्रकार ज्यांना एरवी सत्ता आणि आवाज नसतो अशांत, विशेषतः स्त्रियांत, अधिक दिसतात. तेवढ्यापुरते कोणी त्यांना अडवू शकत नाही.

भीमेच्या दोन्ही काठांवर

भीमेच्या एका काठाला दौंड तालुका, दुसऱ्या काठाला शिरूर. शिरूर तालुक्यात कवठे येमाई, दौंडमध्ये कुरकुंभची फिरंगाई. देवीच्या यात्रा या मुलखाला नव्या नाहीत. महाराष्ट्रभर अशा यात्रांत हलगी वाजू लागली की बायांच्या अंगात येते, हे आपण पाहिलेले असते. हे आणि केडगावचे एकच का? पूर्ण एक नाही. अंगात आलेली देवी बहुधा मराठीतच बोलते, प्रश्नाला उत्तर देते, कौल देते; तिथे शब्दांना अर्थ असतो, बोलणारी ‘दुसरी’ असते. अन्य भाषेत बोलणारी स्वतःच असते, शब्दांचा अर्थ दुसऱ्याचा असतो. पण तयारी सारखीच दिसते : उपास, लय, गर्दी, अपेक्षा, आधी पाहिलेला नमुना आणि ‘आता झाले तरी चालेल’ ही मोकळीक.

२०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही हा फरक ठेवला आहे. अंगात येणे हा त्यात गुन्हा नाही. आपल्या अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचे भासवून लोकांत भीती घालणे, न ऐकल्यास वाईट होईल अशी धमकी देणे, आणि भूत उतरवण्यासाठी मारहाण करणे हे गुन्हे आहेत.

शिक्षकांवर प्रत्यक्ष प्रसंग येतो तो बहुधा वसतिगृहात किंवा परीक्षेच्या दिवसांत. एक मुलगी घुमू लागते, भलतेच काही बोलू लागते, आणि तासाभरात आणखी तिघी-चौघी. अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे गर्दी हटवणे, कारण नमुना आणि प्रेक्षक दोन्ही तिथेच असतात. मुलींना वेगवेगळ्या खोल्यांत, ओळखीच्या बाईंजवळ बसवावे. ‘नाटक बंद कर’ म्हणून दरडावू नये आणि हात जोडून प्रश्नही विचारू नयेत. पाणी द्यावे, शांत बसू द्यावे. डॉक्टरांना दाखवणे टाळू नये, कारण फेपरे किंवा डोक्यात गेलेला ताप असला तर तो त्यांनाच ओळखता येतो. भगत बोलावण्याचा आग्रह झाला तर पालकांशी एकेकट्याने बोलावे, घोळक्यात नव्हे. आणि दोन दिवसांनी, सगळे निवळल्यावर, जिच्यापासून सुरुवात झाली त्या मुलीला एकटीला घेऊन बसावे. तिला साध्या मराठीत काय सांगायचे होते आणि ते कोणी ऐकून घेतले नव्हते, हे तेव्हा विचारता येते.